पुढच्या आठवड्यात सभागृहात काय आहे? संसदेच्या वेळापत्रकावर कोणाची सत्ता चालते

संसदेच्या बातम्यांत सरकारला विचारलेले जे प्रश्न आपण वाचतो, ते बहुतेक झालेल्या किंवा चालू असलेल्या कारभाराविषयीचे असतात. एखाद्या योजनेचा निधी कुठे खर्च झाला, अपघाताच्या चौकशीचे पुढे काय झाले, पदे इतकी वर्षे रिक्त का आहेत, असे त्यांचे स्वरूप असते. या सगळ्यांहून वेगळा असा एक प्रश्न आहे आणि तो क्वचितच बातमीचा विषय होतो. येत्या आठवड्यात सरकार सभागृहापुढे कोणते कामकाज आणणार आहे, ते कोणत्या दिवशी येईल आणि त्याला किती वेळ दिला जाईल, हा तो प्रश्न. ब्रिटन आणि कॅनडा या देशांत विरोधी पक्ष तो दर गुरुवारी उभा राहून सरकारला विचारतो. आपल्याकडे त्याचे उत्तर बहुधा शुक्रवारी, कोणी विचारण्याआधीच, एका निवेदनातून दिले जाते. हा फरक वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो, परंतु संसदेचा वेळ नेमका कोणाचा, हा मूळ वाद त्यात दडलेला आहे.

वेळ सरकारचा, म्हणजे काय?

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ८५ नुसार संसदेचे अधिवेशन राष्ट्रपती बोलावतात आणि दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर असता कामा नये. प्रत्यक्षात अधिवेशनाच्या तारखा मंत्रिमंडळाची संसदीय कार्यविषयक समिती ठरवते आणि राष्ट्रपती तिच्या सल्ल्यानुसार आदेश काढतात. म्हणजे ज्या सरकारला जाब विचारायचा, तेच सरकार जाब विचारण्याची जागा कधी उघडायची हे ठरवते. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशने घेण्याची प्रथा पक्की झालेली असली, तरी ती प्रथाच आहे. किती दिवस बसावे याचे बंधन घटनेत नाही.

अधिवेशन सुरू झाल्यावर दिवसाचा वेळ कसा वाटायचा हे सभागृहाचे नियम सांगतात. हे नियम करण्याचा अधिकार अनुच्छेद ११८ ने प्रत्येक सभागृहाला दिला आहे. लोकसभेच्या नियम २५ प्रमाणे शासकीय कामकाजासाठी राखलेल्या दिवशी त्या कामकाजाला अग्रक्रम असतो आणि त्याचा क्रम अध्यक्ष सरकार पक्षाच्या सभागृह नेत्यांशी विचारविनिमय करून ठरवतात. मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांना आणि ठरावांना शुक्रवारच्या बैठकीचे शेवटचे अडीच तास मिळतात. या अडीच तासांतून कायदा होण्याची शक्यता किती, याची कल्पना एका गोष्टीवरून यावी : अशासकीय विधेयकाचे कायद्यात रूपांतर शेवटचे झाले ते १९७० मध्ये.

बहुमत असलेल्या सरकारला आपला कार्यक्रम पुढे नेण्यासाठी वेळ मिळायला हवा, हे तत्त्व मला मान्य आहे. लोकांनी त्याच कार्यक्रमासाठी मते दिलेली असतात आणि वेळापत्रकावर रोज भांडण झाले तर अर्थसंकल्पही वेळेत मंजूर होणार नाही. प्रश्न अग्रक्रमाचा नाही. तो अग्रक्रम कसा वापरणार हे सरकारने आधी सांगायचे की नाही, आणि सांगितल्यावर त्यावर प्रश्न ऐकून घ्यायचे की नाही, एवढाच आहे.

आधी कळण्याची गरज कशासाठी?

संसद सदस्याच्या हातातली जवळजवळ सर्व साधने पूर्वसूचनेवर चालतात, ही बाब बाहेरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही. लोकसभेत तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यावे असा, प्रश्न विचारायचा तर त्याची सूचना पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाचा वार ठरलेला असतो, त्यामुळे आपल्या मंत्रालयाचा वार कधी येतो हे पाहून सूचना द्यावी लागते. मग सोडत निघते. एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित प्रश्न येतात, पण तासाभरात त्यांतल्या मोजक्याच प्रश्नांवर प्रत्यक्ष तोंडी उत्तर आणि उपप्रश्न होतात. उरलेल्यांची उत्तरे अतारांकित प्रश्नांप्रमाणे लेखी स्वरूपात पटलावर ठेवली जातात. प्रश्नाच्या मजकुरावरही नियम ४१ ची बंधने आहेत. तो साधारण १५० शब्दांत बसला पाहिजे, त्यात तर्कवितर्क आणि आरोप नसावेत, मंत्र्याचे मत विचारता येत नाही आणि काल्पनिक परिस्थितीविषयी विचारता येत नाही.

अमुक विधेयक सरकार केव्हा आणणार, असे प्रश्नोत्तराच्या तासात विचारता येत नाही असे नाही. परंतु पंधरा दिवसांच्या अटीमुळे पुढच्या आठवड्याच्या कामकाजासाठी तो मार्ग निरुपयोगी ठरतो. शिवाय त्याचे ठरलेले उत्तर असते, 'विषय विचाराधीन आहे.' हे उत्तर टोलवाटोलवीचे वाटले तरी ते अगदीच फुकट जात नाही. संसदीय परिपाठात 'विचाराधीन आहे' हे शब्द आश्वासन म्हणून धरले जातात, ते तीन महिन्यांत पूर्ण करावे अशी अपेक्षा असते आणि त्याचा पाठपुरावा शासकीय आश्वासन समिती करते. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे. जाणकार सदस्य कधीकधी अशा आश्वासनासाठीच प्रश्न विचारतात, कारण उत्तर आज मिळाले नाही तरी सरकारचा शब्द नोंदला जातो.

विधेयकांच्या बाबतीत पूर्वसूचनेची साखळी आणखी महत्त्वाची आहे. लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश १९-अ नुसार विधेयक मांडू इच्छिणाऱ्या मंत्र्याने सात दिवसांची सूचना द्यायची असते. निर्देश १९-ब नुसार विधेयकाच्या प्रती सदस्यांना उपलब्ध होऊन दोन दिवस झाल्याखेरीज ते मांडण्यासाठी कामकाजपत्रिकेत घ्यायचे नसते. मांडल्यानंतर ते विचारात घ्यायचे, तेव्हाही प्रती दोन दिवस आधी हातात असायला हव्यात. आणि सदस्याला त्यात दुरुस्ती सुचवायची असेल, तर तिची सूचना विधेयक विचारात घेण्याच्या एक दिवस आधी द्यावी लागते.

या मुदतींकडे एकत्र पाहिले की त्यांचा हेतू स्पष्ट होतो. सात दिवसांत विषय कळावा, दोन दिवसांत मसुदा वाचून व्हावा, गरज वाटल्यास त्या क्षेत्रातल्या माणसांशी बोलून घ्यावे, आणि मग कलमानुसार दुरुस्त्या तयार करून वेळेत द्याव्यात, असा हा क्रम आहे. त्यातली पहिली कडी निसटली की पुढच्या सगळ्या कड्या नावापुरत्या उरतात. सकाळी प्रत मिळाली आणि दुपारी चर्चा सुरू झाली, तर एक दिवस आधी दुरुस्ती देणार कशी? अध्यक्ष अट शिथिल करू शकतात, पण अट शिथिल झाली म्हणून वाचायला लागणारा वेळ कमी होत नाही. मोठ्या पक्षाच्या संशोधकांची फौज एखादे वेळी रातोरात टिपण तयार करील. एक-दोन सदस्य असलेल्या पक्षाला किंवा अपक्षाला ते शक्य नसते.

या मुदतींना अपवाद आहेत आणि काही अपवाद रास्तही आहेत. मंत्र्याने कारणे देणारे टिपण दिले तर अध्यक्ष मुदत कमी करू शकतात. वित्त विधेयक आणि विनियोजन विधेयक यांना प्रती आधी वाटण्याची अट लागू नाही, आणि ज्यांची वाच्यता आधी होणे योग्य नाही अशी गोपनीय विधेयकेही कामकाजपत्रिकेत न दाखवता मांडता येतात. करातला बदल आठवडाभर आधी जाहीर केला तर साठेबाजी होईल, हे कोणालाही पटेल. अपवाद नेहमीचा झाला की मात्र नियम नुसता छापील राहतो.

सप्टेंबर २०२३ : एका अधिवेशनाची गोष्ट

ही सगळी यंत्रणा प्रत्यक्षात कशी हलते हे पाहण्यासाठी सप्टेंबर २०२३ चे विशेष अधिवेशन हे चांगले उदाहरण आहे. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी संसदीय कार्यमंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केले, की १८ ते २२ सप्टेंबर असे पाच बैठकांचे अधिवेशन भरेल. तारखा कळल्या, विषय कळला नाही. या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास आणि अशासकीय कामकाज होणार नाही, हे मात्र सचिवालयाने सदस्यांना कळवले.

६ सप्टेंबर रोजी सोनिया गांधी यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले. इतर पक्षांशी चर्चा न करता अधिवेशन बोलावले आहे आणि त्याच्या कार्यक्रमाची कोणालाही कल्पना नाही, अशी तक्रार करून त्यांनी नऊ विषयांवर चर्चेची मागणी केली. अधिवेशनाचा कार्यक्रम असा आधीपासून पक्षांशी ठरवण्याची प्रथा नाही आणि सर्वपक्षीय बैठक अधिवेशनाच्या तोंडावर होते, अशी सरकारची बाजू होती. पुढील आठवड्यात काय आहे हाच प्रश्न येथे पत्राने विचारला गेला होता, कारण सभागृह भरलेले नसताना तो उभे राहून विचारण्याची सोय नव्हती.

१३ सप्टेंबरच्या संसदीय बुलेटिनमध्ये संभाव्य कामकाज आले. संविधान सभेपासूनच्या ७५ वर्षांच्या संसदीय प्रवासावर चर्चा आणि चार विधेयके, असे त्यात होते. मुख्य निवडणूक आयुक्त आणि इतर आयुक्तांच्या नेमणुकीचे विधेयक त्या चारांपैकी एक. महिला आरक्षणाचा त्यात उल्लेख नव्हता. १९ सप्टेंबरला संसदेच्या नव्या इमारतीत पहिली बैठक झाली आणि त्याच दिवशी ऐनवेळी काढलेल्या पुरवणी कामकाजपत्रिकेतून महिला आरक्षणाचे १२८ वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत आले. प्रती हातात नसल्याची तक्रार विरोधी बाकांवरून झाली, तर विधेयक संगणक प्रणालीवर ठेवल्याचे सरकारकडून सांगण्यात आले. २० सप्टेंबरला लोकसभेने ते ४५४ विरुद्ध २ अशा मतांनी मंजूर केले. २१ तारखेला राज्यसभेने एकही विरोधी मत न पडता ते संमत केले आणि अधिवेशन नियोजित वेळेच्या एक दिवस आधीच संपले.

विधेयकाला जवळजवळ सर्वांचा पाठिंबा होता, तेव्हा कार्यपद्धतीचा आग्रह कशाला, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. या विधेयकात आरक्षण लागू होण्याची वेळ पुढील जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलेली होती, आणि इतर मागासवर्गीय महिलांसाठी स्वतंत्र वाटा असावा का, हा प्रश्नही उभा होता. या दोन्ही मुद्द्यांवर सदस्य बोलले, दुरुस्त्याही सुचवल्या गेल्या, परंतु ते मुद्दे देशभर चर्चिले जाऊन खासदारांपर्यंत पोहोचायला मांडणी आणि मंजुरी यांच्यात एक रात्र पुरेशी नव्हती. ज्या कायद्यावर मतभेद नाहीत, त्याचे तपशील तपासायला तर सर्वात निवांत वेळ देता येतो.

ही पद्धत एका अधिवेशनापुरती नाही. ५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक राज्यसभेत असेच त्या दिवशीच्या पुरवणी पत्रिकेतून आले आणि त्याच दिवशी मंजूर झाले. पूर्वसूचनेची अट सभापती वेंकय्या नायडू यांनी आपल्या अधिकारात शिथिल केली होती. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी कृषी कायदे मागे घेणारे विधेयक अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी दोन्ही सभागृहांत चर्चेविना संमत झाले. ते येणार हे सर्वांना ठाऊक होते आणि ते मंजूर व्हावे ही विरोधकांचीही मागणी होती, तरी ज्या कायद्यांवरून वर्षभर आंदोलन चालले त्यांच्याविषयी सभागृहात बोलायला त्या दिवशी वेळ ठेवला गेला नाही.

कामकाज सल्लागार समिती

वेळापत्रकाची खरी घासाघीस होते ती कामकाज सल्लागार समितीत. लोकसभेत ती जुलै १९५२ मध्ये, गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष असताना, प्रथम स्थापन झाली. तिच्यात अध्यक्षांसह पंधरा सदस्य असतात आणि अध्यक्षच तिचे प्रमुख असतात. राज्यसभेच्या समितीत अकरा सदस्य असतात व तिचे प्रमुखपद सभापतींकडे असते. वेगवेगळ्या पक्षांचे नेते किंवा प्रतोद येथे बसतात. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे याची शिफारस ही समिती करते, तिचा अहवाल सभागृहापुढे येतो आणि तो मान्य झाला की तासांचे वाटप पक्षांच्या संख्याबळानुसार होते.

समितीची दारे बंद असतात, आणि ते बहुतांशी उपयोगाचे आहे. कॅमेऱ्यापुढे ज्यांना एक पाऊल मागे घेता येत नाही, ते नेते आत बसून 'हे विधेयक आज होऊ द्या, महागाईची चर्चा उद्या घेऊ' अशी तडजोड करू शकतात. परंतु समिती सरकारने पुढे केलेल्या कामाला तास देते, काम कोणते आणायचे हे ती ठरवत नाही. ती बहुधा एकमताने चालते, आणि एकमत न झाल्यास विरोधकांच्या हाती सभात्यागाखेरीज फारसे काही नसते. वक्फ सुधारणा विधेयकाच्या वेळी, १ एप्रिल २०२५ च्या बैठकीतून विरोधी सदस्य बाहेर पडले. विधेयकाला आठ तास देण्याचे ठरले, आणि दुसऱ्या दिवशी सुरू झालेली चर्चा मध्यरात्र ओलांडून गेली. म्हणजे बैठकीत ज्या वेळेवरून बिनसले, त्याहून जास्त वेळ सभागृहाने अखेर घेतलाच.

शुक्रवारचे निवेदन

समितीत जे ठरते त्याचा सरकारच्या बाजूचा भाग जाहीरपणे कळतो तो आठवड्याच्या शेवटच्या बैठकीच्या दिवशी. संसदीय कार्यमंत्री किंवा त्या खात्याचे राज्यमंत्री उभे राहतात आणि पुढील सोमवारपासून सुरू होणाऱ्या आठवड्यातील शासकीय कामकाजाचे निवेदन करतात. चालू आठवड्यात उरलेली कामे, नवी विधेयके, अनुदानाच्या मागण्या अशी ती यादी असते. दोन-तीन मिनिटांत निवेदन संपते. त्यानंतर, ज्यांनी आधी सूचना दिली आहे असे सदस्य आपापले विषय वाचून दाखवतात: पुढील आठवड्याच्या कामकाजात माझ्या मतदारसंघातील रेल्वे उड्डाणपुलाचा विषय घ्यावा, अमुक पिकाच्या आधारभूत किमतीचा विषय घ्यावा.

या सूचना ऐकताना एक गोष्ट खटकते. सदस्य विषय सुचवतात, पण निवेदनावर प्रश्न विचारत नाहीत. जाहीर झालेले विधेयक या आठवड्यात का आले नाही, गेल्या शुक्रवारच्या यादीतील चर्चा कुठे गेली, स्थायी समितीचा अहवाल येण्याआधी विधेयक घेण्याची घाई का, यांपैकी काहीही तेथे विचारले जात नाही. सुचवलेल्या विषयांना मंत्री सहसा मुद्देसूद उत्तर देत नाहीत. विषय नोंदले जातात, आणि उड्डाणपुलाच्या मागणीची प्रत मतदारसंघात पोहोचते. सदस्याच्या दृष्टीने त्याचाही उपयोग आहे, परंतु सरकारला आपल्या वेळापत्रकाचे समर्थन करायला लावणारी ही जागा आपण विनंत्यांच्या यादीने भरून टाकली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तातडीचे विषय मांडण्याच्या शून्य प्रहरात कोणी सदस्य 'हे विधेयक अचानक का आणले' असे विचारू शकतो, पण शून्य प्रहर नियमांत नाही, त्यात उत्तर देण्याचे बंधन मंत्र्यावर नाही आणि गदारोळात सगळ्यात आधी बळी जातो तो त्याचाच.

गुरुवारचा प्रश्न

कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये दर गुरुवारी तोंडी प्रश्नोत्तरे संपली की अध्यक्ष प्रमुख विरोधी पक्षाच्या सभागृह नेत्याला बोलायला सांगतात. तो विचारतो, की आजच्या उरलेल्या वेळात आणि पुढच्या आठवड्यात सरकार कोणते कामकाज घेणार आहे. सरकारचा सभागृह नेता दिवसवार उत्तर देतो: सोमवारी अमुक विधेयकाचे दुसरे वाचन, मंगळवार विरोधी पक्षाच्या चर्चेचा दिवस, असे. या प्रथेला नियमावलीत स्वतंत्र कलम नाही. ती सर्वांच्या संमतीने चालते. सरकारी कामकाजाचा क्रम ठरवण्याचा अधिकार तेथेही सरकारकडेच आहे आणि गुरुवारी सांगितलेला क्रम शुक्रवारी बदलला तर नियमभंग होत नाही. तरीसुद्धा बदल केला की पुढच्या गुरुवारी त्याच माणसाला त्याच माणसापुढे उभे राहायचे असते. या ओळखीच्या, ठरलेल्या भेटीतून येणारा दबाव मला नियमाच्या कलमापेक्षा कमी वाटत नाही.

ब्रिटनमध्ये हे सत्र पुष्कळ मोठे असते. गुरुवारी सकाळी विरोधी बाकांवरील छाया-सभागृह नेता पुढील कामकाज सांगण्याची विनंती करतो, सरकारचा सभागृह नेता पुढच्या आठवड्याचा पक्का आणि बहुधा त्यापुढील आठवड्याचा कच्चा कार्यक्रम वाचतो, आणि मग सुमारे तासभर कोणत्याही पक्षाचा सदस्य प्रश्न विचारू शकतो. प्रश्नाला 'या विषयावर चर्चा केव्हा ठेवणार' असे रूप दिले की जवळजवळ कोणताही विषय त्यात बसतो. साहजिकच स्थानिक बसमार्गापासून परराष्ट्र धोरणापर्यंत सर्व काही तेथे येते. आपल्या शुक्रवारच्या सूचनांशी याचे साम्य आहे, पण येथे प्रत्येक प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर नोंदले जाते.

वेळापत्रकाचा अधिकार किती मोलाचा आहे हे ब्रिटनला ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, काळात कळले. युरोपीय संघाशी झालेल्या करारावरील मतदान ११ डिसेंबर २०१८ ला ठरले होते. आदल्या दिवशी पंतप्रधान थेरेसा मे यांनी ते पुढे ढकलले, कारण पराभव दिसत होता. कित्येक दिवस चाललेली चर्चा अर्ध्यावर थांबली आणि सभागृहाला हे रोखता आले नाही. मतदान अखेर १५ जानेवारी २०१९ ला झाले आणि सरकार ४३२ विरुद्ध २०२ असे हरले. त्यानंतर २५ मार्च २०१९ रोजी ऑलिव्हर लेटविन या सत्ताधारी पक्षाच्याच सदस्याची दुरुस्ती ३२९ विरुद्ध ३०२ मतांनी मंजूर झाली. ती एवढेच सांगत होती, की २७ मार्च या दिवशी सरकारी कामकाजाला अग्रक्रम देणारा स्थायी नियम लागू राहणार नाही. त्या एका वाक्याने एका दिवसाचे वेळापत्रक सरकारच्या हातून सभागृहाच्या हाती गेले. त्या दिवशी आठ पर्यायांवर मतदान झाले आणि एकालाही बहुमत मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे. वेळ हाती आला म्हणून निर्णय करता येतोच असे नाही.

त्या देशांत विरोधकांसाठी राखलेला वेळही असतो. ब्रिटनमध्ये वर्षाच्या सत्रात वीस दिवस विरोधी पक्षांनी निवडलेल्या विषयांना दिले जातात, त्यांपैकी सतरा प्रमुख विरोधी पक्षाकडे असतात. २०१० पासून मागच्या बाकांवरील सदस्यांची एक समिती काही दिवसांचे विषय स्वतः ठरवते. कॅनडात असे साधारण बावीस दिवस असतात. फ्रान्सने २००८ च्या घटनादुरुस्तीने चारांपैकी दोन आठवड्यांचा अग्रक्रम सरकारला ठेवला, एक आठवडा सरकारच्या कारभाराच्या तपासणीसाठी राखला आणि महिन्यातून एक दिवस विरोधी व लहान गटांना दिला. आपल्या संसदेत विरोधी पक्षासाठी असा राखीव दिवस नाही. नियम १९३ खालील अल्पकालीन चर्चा असो की ठरलेले कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा स्थगन प्रस्ताव, ती स्वीकारायची की नाही आणि केव्हा घ्यायची हे अध्यक्ष ठरवतात. अविश्वास प्रस्तावाला पन्नास सदस्यांचे पाठबळ मिळाले तर दहा दिवसांच्या आत तो घ्यावाच लागतो, आणि म्हणूनच एखाद्या विषयावर सरकारला बोलते करण्यासाठी, प्रस्ताव हरणार हे माहीत असूनही, विरोधक तो मार्ग वापरतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांना मात्र अशा वेळेची कल्पना अगदीच अपरिचित नसावी. आपल्या विधिमंडळात अधिवेशनाच्या अखेरीस विरोधी पक्षाचा 'अंतिम आठवडा प्रस्ताव' येतो. विषय विरोधक निवडतात, कायदा-सुव्यवस्थेपासून शेतीपर्यंत सारे त्यात गुंफतात, आणि सरकारला, बहुधा मुख्यमंत्र्यांनाच, त्याला सविस्तर उत्तर द्यावे लागते. सत्ता कोणाचीही असो, हा प्रस्ताव टिकून आहे. जी प्रथा राज्यात पचली, ती दिल्लीत पचणार नाही असे मानायला मला कारण दिसत नाही.

यातले कोणते बदल आपल्याकडे होण्याजोगे आहेत? राखीव दिवसांसाठी नियमदुरुस्ती लागेल आणि बहुमतवाला पक्ष ती सहजासहजी करणार नाही. शुक्रवारच्या निवेदनानंतर वीस मिनिटे फक्त त्या निवेदनावरच्या प्रश्नांसाठी ठेवणे मात्र कामकाज सल्लागार समितीच्या एका शिफारशीने आणि अध्यक्षांच्या संमतीने सुरू होऊ शकते. एक मुख्य प्रश्न प्रमुख विरोधी पक्षाचा, चार-पाच प्रश्न इतरांचे, आणि विधेयकाच्या प्रती सदस्यांना कोणत्या तारखेला मिळतील हे निवेदनातच सांगण्याची अपेक्षा. पुरवणी कामकाजपत्रिकेतून विधेयक आले तर मंत्र्याने दिलेले कारणांचे टिपण त्याच दिवशी सर्वांना वाचायला मिळावे, ही दुसरी सुधारणा. ती तर निर्देश १९-ब च्या चौकटीतच बसते.

वाचकालाही हे कामकाज पाहता येते. दोन्ही सभागृहांच्या कामकाजपत्रिका, पुरवणी पत्रिका आणि बुलेटिन संसदेच्या संकेतस्थळावर असतात, आणि चर्चेचे शब्दशः वृत्तही तेथेच मिळते. अधिवेशन चालू असताना शुक्रवारचे निवेदन काढून ठेवावे आणि पुढच्या आठवड्यात रोजची पत्रिका त्याच्याशी ताडून पाहावी. यादीतले काय आले, काय राहिले, आणि यादीत नसलेले काय आत शिरले, हे समजायला कायद्याचे शिक्षण लागत नाही. आपल्या खासदाराला एखाद्या विधेयकाविषयी काही कळवायचे असेल, तर ते निवेदन आणि चर्चा यांच्या मधल्या शनिवार-रविवारी कळवावे. विधेयकावरील दुरुस्तीची सूचना देण्याची मुदत चर्चेच्या आदल्या दिवशी संपते.